शून्य पूर्णांक बावीस

कार्बनशी माझी ओळख जुनी.
जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात,
तपासणीच्या खोलीत अकरा वर्षं झाली.
भट्टीवरून चकती येते,
गार होऊ द्यायची, घासायची, यंत्रात धरायची,
एक निळसर ठिणगी
आणि पडद्यावर आकडा.
शून्य पूर्णांक बावीस: जाऊ द्या.
तिशीच्या पुढे सरकला की मी खाली फोन लावते
आणि भट्टीवरचा रंगनाथ शिव्या देतो,
मला नाही, कार्बनला.
जास्त झाला तर सळई वाकवताना तुटते,
कमी झाला तर भार घेत नाही.
एवढंच माझं शास्त्र.

आता मुश्ताकभाईंनी
वर्तमानपत्रात गुंडाळून दोन ब्लेड दिलीत.
"आठवडाभर ठेवा मॅडम, दोन्हीनं खेळून बघा.
कार्बन दोन्हीत हाये,
फक्त बसलाय वेगळ्या जागी."

एकात वरच्या पापुद्र्याखाली लगेच,
दुसऱ्यात खोल, गाभ्याला चिकटून.
काठावरून पाहिलं तर सात रेघा,
पाच पिवळट, दोन काळ्या,
साट्याच्या करंजीला सुटाव्यात तशा.

दुपारच्या सुट्टीत दोन्ही काट्यावर ठेवली.
(काटा नमुन्यांचा आहे. कुणाला सांगू नका.)
शहाऐंशी पूर्णांक चार.
एकोणनव्वद पूर्णांक एक.
पावणेतीन ग्रॅम म्हणजे चिमूटभर मोहरी,
पण पाचव्या गेमला
मनगटाला विचारा.

मग पेरानं ठोकून ऐकली,
माठ घेताना ठोकतात तशी.
पहिलीचा आवाज वरच्या पट्टीतला, कोरडा,
दुसरीचा जाड, जरा उशिरा येणारा,
जसं कुणी आतल्या खोलीतून ओ दिली.

संध्याकाळी हॉलमध्ये बेचाळीस अंश,
पंखे बंद, चेंडू हलतो म्हणून.
समोर तेजल बाफना, वय सतरा,
सर्व्हिस टाकते तेव्हा तिच्या डोळ्यांतलं काही कळत नाही.

पहिलं ब्लेड: चेंडू आला की गेला.
मी मारायच्या आधीच लागलेला होता.
स्मॅश तर असा की टेबल दचकलं,
पण जाळीजवळ हळूच ठेवायला गेले
आणि चेंडू उठून उभा राहिला,
तेजलनं त्याला बसवला.

दुसरं ब्लेड ऐकून घेतं.
चेंडू रबरात बुडतो, लाकडात बुडतो,
टॉपस्पिन ओढायला क्षणभर सापडतो.
हळू बोललं तर लाकूड ओ देतं,
ओरडलं तर कार्बन.

आठवडाभर सगळे सांगायले.
मुश्ताकभाई: "आतलं घ्या, हातात राहील."
नवरा: "चाळिशीत साडेअकरा हजारांची फळी?"
तेजल, टॉवेलनं मान पुसत:
"बाहेरचंच घ्या मॅडम. मारायचंय ना?"

रिपोर्ट लिहायचा असता
तर मीही आतलंच लिहिलं असतं,
सही केली असती, तारीख टाकली असती.
मर्यादेत. जाऊ द्या.

शनिवारी रात्री आतलं ब्लेड
त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलं
आणि बाहेरच्याला रबर चिकटवायला बसले.
गोंदाचा एक थर, वाळू द्यायचा,
दुसरा थर, वरून लाटणं फिरवायचं,
कडेनं कात्री.
मधेच हात थांबला एकदा.
भट्टीला फोन करायची सवय,
पण इथं खाली कुणी नव्हतं.

रविवारी पहिला चेंडू टेबलाबाहेर,
भिंतीवर.
दुसराही.
तेजल कमरेवर हात ठेवून हसायली,
"मॅडम, कुणाशी खेळायलात?"
मी चेंडू वेचत म्हटलं,
थांब की.
नमुना अजून गरम आहे.